कानस घसरली पाहिजे

"काकू, सप्रेम नमस्कार. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. आप्पांचं सांगलीत मारुती रोडजवळ लेथचं दुकान होतं. २००५ च्या महापुरात ते गेलं आणि आप्पांनी कर्ज काढून इथं शेड टाकलं. चार वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला, तेव्हापासून सगळं मीच बघतो. माणसं २२. आम्ही पंपाचे शाफ्ट करतो आणि १०० तले ६५ शाफ्ट एकाच मोठ्या कंपनीला जातात. दीड महिन्यापूर्वी १,२०० शाफ्टचा लॉट गेला. परवा मेस्त्री केबिनमध्ये येऊन म्हणाले, 'मालक, त्यो लॉट मऊ गेलाय बगा.' पॅकिंगवरच्या पोराला हे माल भरतानाच कळलं होतं. त्यानं मेस्त्रींना सांगितलं, पण गाडी दारात उभी होती म्हणून मेस्त्रींनी त्याला गप्प केलं. कंपनीकडून अजून तक्रार नाही. धाकटा भाऊ म्हणतो, 'आपण होऊन कशाला सांगायचं? तक्रार आली की बघू.' तोच आता घर गहाण टाकून दुसरं शेड घेऊ म्हणतोय. मी नको म्हटलं की म्हणतो, आप्पांची जिगर तुझ्यात उतरलीच नाही. खरं असेल ते. मला रात्रीची झोप नाही. त्याच कंपनीकडे माझे ३८ लाख ११० दिवसांपासून अडकलेत, ते मागायलाही तोंड उघडत नाही. धंदा भावाच्या हातात देऊन मी नुसतं हिशेबाचं बघावं का? मेस्त्रींना काढू का? आप्पांना यातलं काहीच सांगितलेलं नाही. मला अरे-तुरे केलंत तरी चालेल. — एक वाचक, सांगली"

अरे-तुरेच करते. तू 'काकू' म्हणालास तिथंच ते ठरलं.

भाऊ, कर्ज, अडकलेले पैसे, पत्रात बरंच आहे. पण मी अडकले ती त्या पॅकिंगवरच्या पोरापाशी. कारखान्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते. शाफ्ट टर्निंग होऊन आला की सील जिथं बसते तेवढा भाग इंडक्शनवर कडक करून घेतात. तांब्याच्या कॉइलमधून शाफ्ट सरकतो, बघता बघता लालभडक होतो आणि लगेच त्यावर पाणी पडतं. वरची पातळ कातडी कडक होते, आतला गाभा चिवट राहतो. ड्रॉइंगवर बहुधा ५० ते ५५ रॉकवेल, म्हणजे कडकपणाचं माप, मागितलेलं असतं. तो आकडा काढायला यंत्र लागतं, पण कडक झालाय की नाही एवढं कळायला साधी कानस पुरते. कडक शाफ्टवर कानस घसरते, काचेवर ओढल्यासारखी, आणि हाताला काही लागत नाही. शाफ्ट मऊ असला की कानस धरते आणि बोटाला चकचकीत कीस चिकटतो.

पोरगा कडेचा बर, म्हणजे धारेवर उरलेला धातूचा कंगोरा, काढत असणार, आणि कानस धरली असणार. रॉकवेल हा शब्द त्यानं ऐकला असेल-नसेल. पण रोज घसरणारी कानस आज धरतेय एवढं त्याला कळलं आणि तो मेस्त्रींकडे गेला. बाहेर टेम्पो चालू, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, चलन फाडून झालेलं, आणि शॉपमधला सगळ्यात कमी पगाराचा माणूस म्हणतोय की माल थांबवा. त्या दिवशी तुझ्या शेडमध्ये धाडस केलं ते त्या एकानं. तू आणि तुझा भाऊ जिगर कुणात आहे यावर भांडताय, आणि ती तिकडं खोके बांधत बसली आहे.

पॅकिंगपासून तुझ्या केबिनपर्यंत फार तर चाळीस पावलं असतील. ती चालून यायला त्या बातमीला सहा आठवडे लागले.

आता तू पत्रात न लिहिलेलं विचारते. याआधी वाईट बातमी घेऊन जो कुणी तुझ्या केबिनमध्ये आला, त्याचं काय झालं? आठव. बोअर मोठं झालं म्हणून सांगायला आलेला ऑपरेटर, नाहीतर रिजेक्शनचा खोका घेऊन आलेला इन्स्पेक्टर. तू ओरडला असशील असं मी म्हणत नाही. पत्रावरून तू मऊ स्वभावाचा दिसतोस. पण मऊ मालकाचाही एक ताप असतो. त्याचा चेहरा पडतो, तो दोन दिवस जेवत नाही, सगळ्या शेडवर सुतक येतं. मग माणसं म्हणतात, जाऊंदे, मालकांच्या डोक्याला आधीच ताप कमी आहे का. ओरडणाऱ्या मालकाला घाबरून लपवतात आणि हळव्या मालकाची कीव येऊन लपवतात. लॉट दोन्हीकडे मऊच जातो.

एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकी संशोधिका आहेत, हार्वर्डमध्ये शिकवतात. नव्वदच्या दशकात त्या इस्पितळांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. ज्या वॉर्डातली टीम चांगली तिथं चुका कमी निघतील अशी त्यांची अटकळ होती. निघालं उलटं. चांगल्या टीमकडे चुकांची नोंद जास्त. त्याचं कारण बघताना त्यांच्या लक्षात आलं की तिथं चुका जास्त होत नसाव्यात, तिथल्या नर्स त्या सांगत होत्या. दुसऱ्या वॉर्डांत त्या पोटातच राहत होत्या. तुझ्या शॉपचं रिजेक्शन रजिस्टर कोरं दिसत असेल तर त्याचा अभिमान बाळगू नकोस, घाम फुटू दे. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरच्या कामगाराच्या डोक्यावर दोरी असायची. काही वावगं दिसलं की त्यानं ती ओढायची. मग सुपरवायझर धावत येणार, आणि गोष्ट तिथंच सुटली नाही तर लाइन थांबणार. दोरी ओढायला त्या माणसाला शूर असावं लागू नये, एवढीच ती सोय होती. मला विचारशील तर मालकाची छाती किती इंच हे त्याच्या कर्जावरून मोजू नये. त्याच्यासमोर खरं बोलायला खालच्या माणसाला किती छाती लागते, त्यावरून मोजावं. जितकी कमी लागेल तितका तो मालक मोठा.

हे शहाणपण मी पुस्तकातून आणलेलं नाही. मिरजेत आमची फौंड्री होती. हे गेल्यावर एकोणीस वर्षं मी ती एकटीनं चालवली. एकदा एका गिऱ्हाइकाच्या हाउसिंगच्या कास्टिंगला ब्लोहोल आले. ओतकामात ते यायचेच. वाळू ओली राहिली, हवा बाहेर पडली नाही, की पडलं भोक. आमच्या फेटलिंगवाल्यांनी, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्यांनी, त्या भोकांत मेटल पुटी भरली, वरून ग्राइंडर फिरवला, रंग मारला. माल गेला. मला हे माल गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं. त्यानंतर नऊ दिवस मी गप्प बसले. मधल्या मंगळवारी त्या गिऱ्हाइकाकडे बिलाच्या कामाला गेले होते. चहा झाला, त्यांच्या मुलीचा दहावीचा निकाल लागला होता म्हणून पेढाही खाल्ला. पुटीबद्दल एक अक्षर काढलं नाही.

दहाव्या दिवशी बोलावणं आलं. खरेदीच्या साहेबांनी टेबलावर कास्टिंग ठेवलं होतं. मशीनवर टूल लागलं तसा रंग उडाला होता. साहेबांनी माझ्या डोळ्यांदेखत अंगठ्याचं नख त्या भोकात घातलं आणि पुटीचा खडा काढून ॲशट्रेत टाकला. टिक् असा आवाज झाला. मग म्हणाले, "बाई, पुटीचं मला काही वाटलं नाही. फौंड्रीत ब्लोहोल येतातच. तुम्ही मंगळवारी इथं चहा प्यायलात, त्याचं वाटलं."

ऑर्डर गेली. ती पुढे तीन वर्षांनी परतही आली, पण तो टिक् आवाज मला अजून ऐकू येतो.

तुझा अजून मंगळवार झालेला नाही. तक्रार आलेली नाही याचा धाकट्यानं लावलेला अर्थ 'वाचलो' असा आहे. मी म्हणते, सांगण्याची किंमत आज सगळ्यात कमी आहे. तक्रार आल्यावर जे बोलशील त्याला कबुली म्हणतात. ती कुणीही देतो, द्यावीच लागते. आणि त्या शाफ्टचं पुढं काय होणार ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. सीलखाली चर पडणार. जतला नाहीतर सोलापूरकडं कुणाच्या तरी विहिरीवर ऐन पाण्याच्या पाळीला पंप गळायला लागणार. तो शेतकरी तुला शिव्याही देणार नाही, कारण तुझं नाव त्याला ठाऊक नाही. (तुझा माल ब्रेकचा किंवा स्टिअरिंगचा असता तर मी एवढं लांबण लावलंच नसतं. आत्ता उठ आणि फोन कर, एवढंच लिहिलं असतं.)

म्हणून कंपनीला सांगायचंच. पण सांगण्यातही रीत असते, नुसतं ऊर बडवून उपयोग नाही.

आधी घरातलं बघ. त्या तारखेच्या आगेमागे इंडक्शनला गेलेला किती माल शेडमध्ये पडलाय, तो लाल पट्टी लावून बाजूला काढ. इंडक्शन करून देणाऱ्या जॉबवर्कवाल्याची चलनं काढ, त्या दिवशी त्यानं कॉइल बदलली होती का, स्पीड वाढवला होता का, विचार. भांडू नकोस, विचार. शिल्लक शाफ्टपैकी वीस-पंचवीस रॉकवेलवर तपासून घे आणि आकडे लिहून काढ. याला दोन दिवस दे, जास्त नको. पूर्ण चौकशी करून मगच सांगू, असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा सांगतच नाही.

मग खरेदी विभागाला नाही, क्वालिटीच्या प्रमुखाला फोन कर आणि त्याच दिवशी भेटायला जा. खरेदीवाल्याला भाव दिसतो, क्वालिटीवाल्याला शाफ्ट दिसतो. भेटीत चारच गोष्टी बोलायच्या: काय झालंय, कोणत्या चलनांचा माल, साधारण किती नग संशयित, आणि उद्या सकाळपासून मी काय करतोय. तुझी दोन माणसं टेस्टर घेऊन त्यांच्या स्टोअरमध्ये बसतील, मऊ-कडक वेगळं करतील, खर्च तुझा, आणि बदली शाफ्टची पहिली खेप अमुक तारखेला येईल. तारीख खरी सांग. जॉबवर्कवाल्याचं नाव पहिल्या पाच मिनिटांत काढू नकोस. चलन तुझ्या नावाचं आहे. सहा आठवडे का लागले असं विचारतील. तेव्हा 'माझ्यापर्यंत उशिरा आलं, आणि ती चूकही माझ्याच शॉपची' एवढं म्हण आणि थांब. रात्री तेच सगळं मेलवर लिहून पाठव.

जाण्याआधी रात्री वहीत एक हिशेब मांड. शाफ्टचा दर तू लिहिलेला नाहीस, समजा ३४० धरला तर १,२०० नगांचे ४,०८,००० होतात. सगळाच लॉट टाकावा लागला, त्यात बसवलेले पंप उघडायची मजुरी, वाहतूक, डेबिट नोट, असं धरून ते तिप्पट कर. बारा-सव्वाबारा लाख. आता त्या आकड्याकडं बघत बस. तो भरून शेड चालू राहतं का? माझा अंदाज, राहतं. ओढाताण होईल, एखादं मशीन लांबणीवर पडेल, पण राहतं. झोप न लागणाऱ्या माणसाला आकडा फार उपयोगी पडतो. अंधारात दिसतं ते भूत असतं, वहीत उतरलं की देणं होतं. देणं फेडता येतं.

ऑर्डर जाणारच नाही असं मी तुला सांगणार नाही. जाऊ शकते. खरं बोललं की शेवटी भलंच होतं, हे मी नातवंडांना सांगते, धंदेवाल्याला नाही.

आता त्या ३८ लाखांचं. मागायला तोंड उघडत नाही म्हणतोस, त्यात लाजेपेक्षा माहिती नसणं जास्त असावं. उद्यम नोंदणी आहे ना तुझी? असेल आणि तू सूक्ष्म किंवा लघु उद्योगात बसत असशील, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून प्राप्तिकरातही पाचर बसली. वेळेत न दिलेली रक्कम, प्रत्यक्ष देईपर्यंत, कंपनीला खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यांच्या हिशेब खात्याला हे पाठ असतं. तक्रारीसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे, तिथून प्रकरण असे थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेपुढं जातं.

पण १०० तले ६५ नग घेणाऱ्या गिऱ्हाइकावर उठून तक्रार टाकणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड. हत्यार घरात आहे एवढं माहीत असू दे, वापरायची घाई नको. नुसतं दर महिन्याच्या पाच तारखेला बिलवार थकबाकीचा तक्ता मेलवर पाठवायला लाग, खाली एक ओळ, 'एमएसएमई कायद्यानुसार मुदत उलटलेली बिलं'. आवाज चढवायचा नाही, विनवणी करायची नाही. आणि हे मऊ लॉटच्या भेटीत अजिबात काढायचं नाही. एका हातानं माफी मागायची आणि दुसऱ्या हातानं बिल पुढं करायचं, याला लोक सौदा म्हणतात. महिनाभर जाऊ दे. बदली माल पोचू दे. मग माग. स्वतःची चूक ज्यानं स्वतः सांगितली त्याला स्वतःचे पैसे मागायला सोपं जातं, हे तुझं तुलाच कळेल.

धाकट्याचं. त्याच्यावर मी चिडले होते, पण दोनदा पत्र वाचल्यावर थोडी निवळले. एका गिऱ्हाइकावर एवढं अवलंबून राहू नये, ही त्याच्या मनातली भीती रास्त आहे. इलाज मात्र उफराटा. गिऱ्हाईक एक आणि शेडं दोन, यानं काय साधणार? त्याला पायाला भिंगरी आहे ना, मग दुसरं शेड नको, दुसरं गिऱ्हाईक आण म्हणावं. वर्षभरात त्या एका कंपनीचा वाटा पन्नासाच्या खाली आणलास तर शेडचं बोलू. आणि घराच्या उताऱ्यावर आईचं नाव असेल तर तो विषय आईसमोर काढायचा. जिगर स्वतःची आणि गहाण आईचं घर, हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

तो विट्याकडच्या गलाईवाल्यांचं उदाहरण देईल, या भागात सगळेच देतात. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं, हातात मूस आणि फुंकणी घेऊन देशाच्या टोकापर्यंत गेली, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात बसली. धाडस खरंच. पण तो धंदा टिकला कशावर? अनोळखी गावचा सराफ आपलं सोनं यांच्या मुशीत टाकतो आणि यांनी सांगितलेला टंच, म्हणजे सोन्याचा कस, मानतो, त्यावर. एकदा टंच खोटा सांगितला की त्या अख्ख्या बाजारपेठेत बसायला जागा नाही. लांब जाण्याची गोष्ट सगळे सांगतात, टंच खरा सांगण्याची कुणी सांगत नाही, कारण तिच्यात प्रवास नाही.

तसंच लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी कारखाना आणला, औंधच्या संस्थानिकांनी जागा दिली, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येकानं शाळेत ऐकलेली असते. उडी म्हणून ऐकलेली असते. पण माळावर येण्याआधी बेळगावात त्यांची कडबा कापायची यंत्रं आणि नांगर तयार होऊन विकले जात होते. लोखंडी नांगरानं जमीन नासते अशी समजूत होती, पहिले नांगर खपेनात, तेव्हा ते थांबले होते. आपल्याला माळ लक्षात राहतो, थांबणं राहत नाही.

आणि साताऱ्याचे भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्था, १९१९, काले गाव, हे सगळ्यांना माहीत. त्याआधी हा माणूस किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडत होता, हे कमी जणांना माहीत. आणि त्याच्याही आधी, १९१४ च्या सुमारास, कोल्हापुरात इंग्रज बादशहाच्या पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण झालं होतं. अण्णासाहेब लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष दे म्हणून भाऊरावांवर दडपण आलं. कोठडीत हाल झाले, साक्ष दिली नाही. पुढचा सगळा डोंगर मला त्या नकारावर उभा दिसतो. नांगर विकायला घरोघर गेलेल्या या माणसाच्या शब्दाला वजन कुठून आलं असेल, तूच सांग. आणि त्यांचं बोर्डिंग चालावं म्हणून अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, हेही इथंच नोंदवते, कारण धाडसाच्या गोष्टीत बायकांचं मोडलेलं सोनं नेहमी तळटीपेत जातं.

राहता राहिले आप्पा. २००५ नंतर त्यांनी कर्ज काढलं हे तू आणि धाकटा दोघंही सांगता. कर्ज काढून ते कुठं गेले, हे विसरता. मारुती रोडवर पुन्हा दुकान थाटायला स्वस्त पडलं असतं, ओळखीचं गिऱ्हाईक तिथंच होतं. ते गेले कुपवाडला, उंचावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, धोक्याची पातळी ४५ ची, तेव्हा तुझ्या शेडच्या दाराशी पाणी आलं नाही ते आप्पांच्या जिगरीमुळं की त्यांच्या भीतीमुळं? मला वाटतं त्यांनी पुराला भ्यायचं ठरवलं आणि त्या भीतीचं ऐकून पैसा घातला. तुला झोप लागत नाही हा तुझा दोष समजू नकोस. आप्पांचंच काळीज आहे ते. फक्त त्यांनी उठून जागा बदलली आणि तू छताकडं बघत पडला आहेस.

तेव्हा धंदा भावाच्या हातात द्यायचा प्रश्न या महिन्यात काढू नकोस. मऊ लॉट गिऱ्हाइकाकडं असताना मालकी सोडणं याला निवृत्ती म्हणत नाहीत.

मेस्त्रींना काढायचं नाही. पोराला गप्प केलं ही त्यांची चूक, पण सहा आठवड्यांनी का होईना, स्वतःच्या पायांनी चालत आले आणि स्वतःच्या विरुद्ध बोलले. त्या दिवशी त्यांना काढलंस तर शेडमधली उरलेली एकवीस माणसं एकच धडा शिकतील, आणि तो तुला नको आहे. बसवून विचार, की गाडी दारात असताना थांबवायची पाळी आली तर कोणाची भीती वाटते. उत्तर तुझ्याबद्दल असेल. मध्ये बोलू नकोस.

त्या पोराला शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू नकोस, हे हात जोडून सांगते. मेस्त्रींची मान खाली जाईल आणि पोरगा उद्यापासून एकटा पडेल. त्यापेक्षा त्याला एक काम दे. गाडी भरायच्या आधी प्रत्येक खोक्यातला एक शाफ्ट काढून त्यानं कानस ओढून बघायची, सही करायची, आणि सही नसेल तर गेटमधून गाडी हलायची नाही. मालक असो, मेस्त्री असो, ड्रायव्हर कितीही हॉर्न मारो. पगारात थोडी वाढ कर, कारण जबाबदारी वाढली.

आता होणार असं, की महिन्या-दोन महिन्यांत तो एक गाडी चुकून थांबवेल. शाफ्ट कडकच निघतील, कानसच बोथट झालेली असेल, गाडी चार तास उशिरा पोचेल आणि कंपनीतून फोन येईल. तेव्हा सगळं शेड काम करता करता तिरक्या नजरेनं तुझ्याकडं बघत असेल. तू काय बोलतोस त्यापेक्षा तुझा चेहरा काय करतो ते बघतील. तेव्हा त्याला नवी कानस आणून दे आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत दुसरं काही बोलू नकोस.

कंपनीत जाताना दोन शाफ्ट बरोबर ने, एक कडक, एक मऊ. क्वालिटीच्या साहेबांच्या टेबलावर ठेव आणि कानस त्यांच्या हातात दे, त्यांनाच ओढू दे. कानस चांगली हवी. आप्पांच्या लेथच्या दुकानातली एखादी पुरातून वाचलेली असेल, जुन्या माणसांची हत्यारं कापडात गुंडाळून कपाटात असतात. त्यांच्याकडून मागून घे. मागताना कशाला हवी ते सांगावं लागेलच.